शालनबाई आणि बाळाच्या पोटातली गाठ

आमच्या सोसायटीत कुणाकडे बाळ झालं की आधी मिठाई येते, मग शालनबाई येतात. सकाळी लिफ्टचं दार उघडतं, जिन्यात तिळाच्या तेलाचा वास पसरतो आणि बेलच्या आधी त्यांचा आवाज ऐकू येतो, "कुठं हायेत आमचे साहेब? उठले का न्हाई?"

साहेब म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांचं बाळ. शालनबाई प्रत्येक बाळाला कंपनीतला हुद्दा देतात. फार ओरडतो तो सुपरवायझर, सारखा झोपतो तो मोठा मॅनेजर. माझा मोठा मुलगा दोन महिने युनियन लीडर होता, कारण न्हाताना तो दोन्ही मुठी वळून छताकडे बघून घोषणा दिल्यासारखा रडायचा. "मागण्या मान्य हायेत साहेब, जरा तेल लावू द्या," असं म्हणत त्या त्याच्या टाळूवर तेल जिरवायच्या आणि युनियन लीडर हळूहळू शांत व्हायचे.

शालनबाईंचं माहेर परांड्याकडचं. लग्न होऊन त्या थेरगावात आल्या तेव्हा डांगे चौकाच्या मागे अजून मोकळी रानं होती. नवरा विलास भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होता. भाड्याच्या एका खोलीत ज्ञानेशचा, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा जन्म झाला. सासू गावाकडे आजारी, आई लांब. मग गावठाणातल्या इंदुताई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी बाळ-बाळंतिणीचं सगळं केलं. शालनबाई अंथरुणावरून बघत राहायच्या. बाळाला लांब केलेल्या पायांवर कसं घ्यायचं, मान कुठं धरायची, पाणी डोक्यावरून ओतताना हाताची पन्हाळ करून डोळे कसे वाचवायचे. सव्वा महिना झाल्यावर त्या इंदुताईंना म्हणाल्या, "मला शिकवता का?"

इंदुताईंनी शिकवलं. पुढे त्यांचे गुडघे गेले तेव्हा आपली कामाची घरं त्यांनी एकेक करून शालनबाईंना दिली. रानांच्या जागी बिल्डिंगा आल्या, बिल्डिंगांत आयटीवाले आले, त्यांची बाळं आली. शालनबाईंना उसंत राहिली नाही.

त्यांची खरी ख्याती मात्र पोटाची होती. बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळून रडायला लागलं की माणसं शालनबाईंना फोन करायची. त्या यायच्या, हात गरम करायच्या, बेंबीभोवती गोल गोल हात फिरवायच्या. थोड्या वेळात बाळ वारं सोडून मोकळं व्हायचं आणि घरातले सगळे हसायचे. "पोट बसवणाऱ्या बाई" म्हणून त्यांना काळेवाडीपर्यंत ओळखत. त्यांनाही त्याचा अभिमान होता. "डोळ्यापेक्षा माझ्या बोटाला जास्त दिसतं," असं त्या म्हणायच्या, आणि ते ऐकताना कुणालाच ती बढाई वाटत नसे.

ज्ञानेश आयटीआय करून चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत लागला. तिथंच क्वालिटीमध्ये प्राजक्ता होती. चाकणजवळच्या जुन्या शेतकरी घरातली, स्पष्ट बोलणारी, हसरी मुलगी. दोन्ही घरांत थोडी कुरकुर झाली. प्राजक्ताची आई विमलबाई म्हणाली, "आमी इथलं गाववाले, आन पोरगी भाड्याच्या घरात द्यायची व्हय?" पण तोवर शालनबाईंनी थेरगावात स्वतःच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. लग्न झालं, आणि दीड वर्षात प्राजक्ताला दिवस गेले.

शालनबाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. जिथं जातील तिथं त्या सांगत सुटल्या. तेव्हा माझी धाकटी महिन्याभराची होती, त्यामुळे मला रोज ताजी बातमी मिळायची. "आता बगा ताई, आजवर दुसऱ्याची लेकरं न्हाऊ घातली. आता माझ्या सोताच्या नातवंडाला न्हाऊ घालनार. असं गुटगुटीत करते का न्हाई बगा!"

सातवा महिना संपता संपता सोनोग्राफी होती. ज्ञानेशची फर्स्ट शिफ्ट, म्हणून प्राजक्ताबरोबर शालनबाई गेल्या. चिंचवडमधलं सेंटर. आत अंधारलेल्या खोलीत मॅडम पडद्याकडे बघत होत्या. एरवी त्या "हे डोकं, हे हात" असं सांगत असत. त्या दिवशी त्या मध्येच गप्प झाल्या. पोटावरून तो यंत्राचा दांडा पुन्हा पुन्हा एकाच जागी फिरवत राहिल्या.

"बाळाच्या पोटात पाण्याची एक पिशवी दिसतेय," शेवटी त्या म्हणाल्या.

शालनबाईंना हसू आलं. "अवो मॅडम, पान्याची पिशवी तर असतीच की. तिच्यातच तर लेकरू असतं."

"ती नाही, मावशी. ती बाळाच्या भोवती असते. ही बाळाच्या पोटाच्या आत आहे. गाठ म्हणा हवं तर, पण आत नुसतं पाणी. आम्ही सिस्ट म्हणतो."

"केवढी हाय?"

"लिंबाएवढी."

शालनबाईंनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. जन्मलेल्या बाळाचं पोट त्यांच्या तळहातात मावतं हे त्यांना ठाऊक होतं. आणि हे तर अजून जन्मलंही नव्हतं. तेवढ्याशा पोटात लिंबू!

"कशाची हाय ती गाठ?" त्यांनी विचारलं.

"मूत्रपिंडं चांगली आहेत. लघवीची पिशवी चांगली आहे. हृदय, मणका, सगळं व्यवस्थित. पोटात अशी गाठ चार-पाच ठिकाणांहून येऊ शकते. नक्की कुठून, ते बाळ जन्मल्यावर सांगता येईल."

"आत्ता न्हाई का सांगता येत?"

मॅडम क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "जन्मल्यावर."

ते क्षणभर थांबणं दोघींच्या मनात जाऊन बसलं. रिक्षात प्राजक्ता कडेला बसली. पोटावर हात ठेवून बाहेर बघत राहिली. बिर्ला हॉस्पिटलचा रस्ता गेला, डांगे चौकातला सिग्नल गेला. घराच्या गल्लीत शिरताना ती एवढंच म्हणाली, "आई, त्या काहीतरी लपवतायत."

शालनबाई म्हणाल्या, "लपवायला त्यांचं काय जातंय?" पण त्यांनाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी चाकणहून विमलबाई आल्या. हातात पिशवीभर कांदे, मेथीची जुडी आणि डोळ्यांत पाणी. बसायच्या आधीच त्यांनी मुलीला विचारलं, "गिराण लागलं तवा ते पाळलं व्हतंस का गं तू? त्या दिशी तू कंपनीत व्हतीस ना? हातात कातर, पट्टी, काय न काय असंलच. मी म्हनलं व्हतं रजा टाक म्हनून."

प्राजक्ताचा चेहरा उतरला. "मम्मी, म्हणजे माझ्यामुळं झालं का हे?" असं म्हणून ती रडायलाच लागली.

शालनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या विहिणीशी कधी आवाज चढवून बोलत नसत. आताही चढवला नाही. विमलबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, एवढ्या वर्षात म्या किती लेकरं न्हाऊ घातली त्याची मोजदाद न्हाई. कुनाच्या आईनं गिराण पाळलं, कुनाच्या आईनं न्हाई. लेकराकडं बगून मला कदी वळखाया आलं न्हाई. हिनं काय बी केलेलं न्हाई. हिला आता खाऊ घाला. मेथी आनलीय ना? करा भाकरी."

विमलबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि खरंच भाकऱ्या थापायला बसल्या. तो विषय त्या घरात परत निघाला नाही.

पुढच्या सोनोग्राफीत गाठ वाढलेली दिसली. लिंबाची आता छोटी मोसंबी झाली होती. सोनोग्राफीच्या मॅडमनी त्यांना लहान मुलांच्या सर्जनकडे पाठवलं. त्यांचं नाव डॉक्टर मिनल. पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. ज्ञानेशनं त्या दिवशी रजा टाकली होती. तिघंही समोर बसले.

"घाबरून जाऊ नका," डॉक्टर मिनल म्हणाल्या. "अशा गाठी क्वचित दिसतात, पण आम्हाला नवीन नाहीत. यातल्या बऱ्याचशा जन्मानंतर आपोआप जिरतात. काही जिरत नाहीत, मग दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन करतो. बाळंतपण इथंच करा, मी असेन. बाकी बाळाची वाढ अगदी छान आहे."

"पण गाठ कशाची आहे?" ज्ञानेशनं विचारलं.

"अंदाज आहेत. नक्की जन्मल्यावर सांगेन."

पुन्हा तेच. ज्ञानेशनं बायकोकडे पाहिलं. शालनबाईंनी विषय बदलावा म्हणून विचारलं, "मॅडम, लेकरू झाल्यावर मी हळूहळू पोट चोळून जिरवली तर? माझा हात हलका हाय. मी हेच काम करते."

डॉक्टर मिनलनी मान हलवली. "मावशी, तेच तर करायचं नाहीये. अशी गाठ देठावर लोंबणाऱ्या फळासारखी असते. दाब पडला तर फुटू शकते, देठाला पीळ बसू शकतो. हात, पाय, पाठ, डोकं, सगळ्याला मालिश करा. पोटाला नाही. मी सांगेपर्यंत पोटाला अजिबात हात लावायचा नाही."

प्राजक्तानं सासूकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

ते मला शालनबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. माझी धाकटी त्यांच्या पायांवर होती, तिच्या पोटाला तेल लावता लावता त्यांचा हात थांबला. "ताई," त्या म्हणाल्या, "बोटाला दिसतं म्हनत होते मी. ती गाठ आईच्या पोटावर हात ठिवून मला कुठं दिसली? मशीनला दिसली. आन आता माझ्याच नातवंडाच्या पोटाला मीच हात लावायचा न्हाई." मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ते ऐकलं नाही बहुतेक. त्यांनी माझ्या मुलीला उलटं केलं, पाठीला तेल लावलं, आंघोळ घातली, धुरी दिली, दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, "पन डॉक्टरीण बाई चांगली हाय. तोंडावर सांगितलं. मला आवडली."

नववा महिना भरला. एका सकाळी प्राजक्ताला कळा सुरू झाल्या. विलासरावांनी गॅस बंद केला का, दार लावलं का, हे तीन-तीनदा तपासलं आणि शेवटी चपला न घालताच रिक्षात बसले. ज्ञानेश चाकणला लाइनवर होता. तो सेफ्टी शूज आणि कंपनीच्या शर्टातच निघाला. विमलबाई नात्यातल्या एका पोराच्या गाडीवर मागे बसून आल्या. सगळे हॉस्पिटलच्या बाकड्यावर ओळीनं बसले. प्राजक्ताच्या पोटाचा आकार बघून विमलबाईंनी केव्हाच ठरवलं होतं की मुलगाच होणार, आणि बाकड्यावर बसल्या बसल्या त्या ते शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगत होत्या.

दुपारी नर्स बाहेर आली. "मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी. आई आणि बाळ दोघी ठीक आहेत. आवाज ऐकू येतोय ना? तो तिचाच."

विमलबाई म्हणाल्या, "माझा अंदाज पार गंडला की!" आणि त्यांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली. विलासराव भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. शालनबाई नर्सला विचारत होत्या, "पोट कसं दिसतंय? फुगलेलं हाय का?"

दुसऱ्या दिवशी बाळाची सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर मिनल वॉर्डात आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"चला, आता सांगते," त्या कॉटच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या. "गाठ बीजकोशाची आहे. मुलीच्या पोटात दोन बीजकोश असतात, त्यातल्या डाव्यावर हा पाण्याचा फुगा आलाय. आईच्या शरीरातल्या हार्मोन्समुळे येतो कधीकधी. आता ती आईपासून वेगळी झाली, तर फुगा हळूहळू बसायला पाहिजे. आत साधं पाणी आहे, पीळ बसलेला नाही. आपण दर काही आठवड्यांनी बघत राहू."

ज्ञानेशला हायसं वाटलं, पण थोडा रागही आला. "मॅडम, मग आधीच सांगायचं ना हे! एवढे दिवस आम्ही काय काय विचार केले. घरात कुणाला जेवण जात नव्हतं."

डॉक्टर मिनलनी उलट प्रश्न केला. "बीजकोश कुणाला असतो?"

"पोरीला," ज्ञानेश म्हणाला.

शालनबाईंना इतकं मोठं हसू फुटलं की पलीकडच्या कॉटवरचं बाळ दचकून जागं झालं. "आगं बया बया! म्हंजी गाठीचं नाव घेतलं असतं तर पोरगी हाय हे सांगितल्यावानीच झालं असतं!"

"आणि ते जन्माआधी सांगायला कायद्यानं बंदी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मला खात्री नव्हती, पण अंदाज होता. अंदाजही सांगता येत नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होता तेव्हा मला कळत होतं, की यांना वाटतंय ही काहीतरी भयंकर लपवतेय. पण इलाज नव्हता."

विमलबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "म्हंजे ती सोनोग्राफीवाली गप बसली ती ह्याच्यापायी व्हय! आन मी इकडं देव पान्यात घालून बसले!"

प्राजक्ता हसत होती आणि हसताना टाके दुखतात म्हणून कण्हतही होती. एवढे दिवस ज्या गप्प बसण्याची तिला भीती वाटत होती, त्या गप्प बसण्याच्या आड फक्त ही होती, तिच्या कुशीत तोंड वेडंवाकडं करून झोपलेली. ज्ञानेश खाली गेला तो दोन पुडे घेऊन आला. मुलगी झाली म्हणून जिलेबी आणायची पद्धत. शालनबाईंनी बजावलं होतं, "पेढे बी आन आन जिलेबी बी आन. माझ्या नातीला दोन्ही पायजेत."

घरी आल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती शालनबाईंची होती. पहिल्या आंघोळीला गल्लीतल्या बायका जमल्या. मालिशवाल्या बाईच्या नातीची आंघोळ बघायची म्हणून कुणी दारात, कुणी खिडकीत. विलासरावांनी पाणी तापवून दिलं. शालनबाई पाटावर बसल्या, पाय लांब केले, नातीला पायांवर घेतलं. हात झाले, पाय झाले, छाती झाली. पोट आलं तसे त्यांचे हात उचलले गेले आणि पलीकडे जाऊन मांड्यांवर टेकले. पोटावर त्यांनी एक मऊ पंचा अंथरला आणि त्यावरून नुसतं पाणी सोडलं.

मग दुसरी अडचण आली. पाठीला तेल लावायचं तर बाळाला पालथं घालावं लागतं, आणि पालथं घातलं की सगळा दाब पोटावर. त्या थांबल्या. नातीला उचलून त्यांनी खांद्याशी उभी धरली, प्राजक्ताला म्हणाल्या, "तू डोकं धर," आणि दुसऱ्या हातानं पाठीला तेल लावलं. आयुष्यभरात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. पण दोन-चार दिवसांत ते इतकं सराईत झालं की जणू कायमचीच ती रीत.

खिडकीतून एकीनं विचारलंच, "शालन, पोट सोडलंस की गं! सगळ्या जगाचं पोट बसवतीस आन घरच्याचं?"

"घरचं बी बसंल," शालनबाई म्हणाल्या. "तवर मी बसते."

बारसं मोठं झालं नाही, पण गाजलं. नावावरून दोन विहिणींची चार दिवस फोनवर वादावादी चालली होती. विमलबाईंना जुनं, भरभक्कम नाव हवं होतं. ज्ञानेश आणि प्राजक्ताला छोटं, आजच्या काळातलं. शालनबाईंचं म्हणणं, हाक मारायला सोपं पाहिजे, धावत्या पोरामागं ओरडताना दम लागता कामा नये. शेवटी 'जिजा' नाव निघालं आणि प्रत्येकाला वाटलं की आपलंच म्हणणं खरं झालं.

जिजा दीड महिन्याची असताना एका दुपारी ती रडायला लागली ती थांबेचना. पाय पोटाशी घेत होती, तोंड लाल झालं होतं. दूध घेईना. नेमक्या विमलबाई तिथंच होत्या. त्यांचा धीर सुटला. "अवो तुमीच तर पोट बसिवता! बसवा की! लेकराचे हाल बघवत न्हाईत."

शालनबाई समोर बसल्या होत्या. असं रडणं त्यांनी शेकडो वेळा थांबवलं होतं. बेंबीपासून कुठं सुरुवात करायची, किती गोल फिरायचं, सगळं हातांना पाठ. त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"मीच बसवते आन मीच न्हाई म्हनते," त्या म्हणाल्या. "प्राजू, चप्पल घाल. दवाखान्यात जायचं."

ज्ञानेश कंपनीत होता. विलासरावांनी रिक्षा आणली. रिक्षातही जिजा रडत होती, आणि शालनबाई तिला छातीशी धरून सारख्या बोलत होत्या. "मॅडम, ओरडू नका. आलंच हापिस. सायेबांना भेटून तक्रार करू." हे प्राजक्तानं मला नंतर सांगितलं.

हॉस्पिटलात डॉक्टर मिनलनी लगेच सोनोग्राफी करायला घेतली. प्राजक्ता दाराशी, शालनबाई टेबलापाशी. पोटावर जेल लावलं, दांडा हलकाच टेकवला, आणि त्याच क्षणी जिजानं मोठ्ठा आवाज करत वारं सोडलं, आणि पाठोपाठ बाकीचंही. चादर, टेबल, डॉक्टरांची बाही, काही सुटलं नाही. आणि रडणं एकदम थांबलं. जिजा डोळे मोठे करून छतावरच्या दिव्याकडे बघायला लागली, जणू इथं काही झालंच नाही.

नर्स हसली, प्राजक्ता हसली. डॉक्टर मिनल बाही पुसत म्हणाल्या, "मावशी, निदान झालं. गॅस होता." मग पडद्याकडे बघत त्या थांबल्या. शालनबाई पडद्याकडे वाकल्या. डॉक्टर म्हणाल्या, "आणि हे बघा. गाठ निम्मी झालीय."

"निम्मी?"

"मोसंबीचं परत लिंबू झालंय. छान चाललंय. पुढच्या वेळेला हिंगाचं पाणी बेंबीभोवती लावा हवं तर. पण चोळायचं नाही. आणि दूध पाजल्यावर ढेकर काढायला उभं धरा थोडा वेळ."

परत येताना त्यांनी घरी फोन केला. विमलबाईंनी तो उचलला आणि ऐकून आधी खूप हसल्या, मग खूप रडल्या, मग चहा ठेवला.

नंतरच्या प्रत्येक सोनोग्राफीत गाठ लहान होत गेली. लिंबाचं बोर झालं. बोराचा वाटाणा झाला. जिजा मान धरायला लागली, कुशीवर वळायला लागली, आणि स्वतःच पालथी पडून डॉक्टरांचे सगळे नियम मोडायला लागली. डॉक्टर मिनल म्हणाल्या, आता ती स्वतः पडतेय तर पडू दे. पाचव्या महिन्यात एका सकाळी त्यांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि सांगितलं, "काही दिसत नाही."

"म्हंजी मशीन बिघडलं का?" शालनबाईंनी विचारलं.

"मशीन ठीक आहे. गाठ नाही. दोन्ही बीजकोश छान आहेत."

"परत एकदा नीट बगा."

डॉक्टरांनी परत बघितलं. उजवीकडून, डावीकडून. "नाही, मावशी. गेली. ऑपरेशनची गरज नाही. आणि आता पोटाला तेल लावायला माझी हरकत नाही."

शालनबाईंनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले आणि काही बोलल्याच नाहीत. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, पण गप्प बसलेल्या शालनबाई मी तरी कधी पाहिलेल्या नाहीत. ते प्राजक्तानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुठलंही काम घेतलं नाही. आमच्या सोसायटीतल्या दोन घरांना निरोप धाडला की आज येणार नाही. घरी पाटावर बसल्या, जिजाला पायांवर घेतलं. हात चोळून गरम केले. ज्ञानेश सेकंड शिफ्टला जायचा म्हणून घरीच होता, तो मोबाइल काढून उभा राहिला. शालनबाईंनी पहिल्यांदा नातीच्या पोटावर तळहात ठेवला. जिजानं क्षणभर आजीकडे पाहिलं आणि खुदकन हसली. गुदगुल्या होत होत्या तिला. शालनबाईंनी बोट फिरवलं की ती हसायची, थांबवलं की वाट बघायची. "आगं, तेल लावायचं हाय, तमाशा न्हाई!" म्हणता म्हणता शालनबाईंनाही हसू आवरेना. ज्ञानेशच्या त्या व्हिडिओत तेलाची वाटी कलंडताना दिसते आणि विलासराव फडकं शोधत इकडून तिकडे जाताना दिसतात. तो व्हिडिओ मी तीन वेळा बघितला.

या सगळ्यानंतर शालनबाईंनी एक सवय लावून घेतलीय. नवीन घरी गेल्या की बाळाला हात लावायच्या आधी त्या विचारतात, "सोनोग्राफीत काय सांगितलं होतं का? पोट, छाती, मान, काय बी? डॉक्टरांनी काय मनाई केलीय का?" काही घरांना ते विचित्र वाटतं. वाकडच्या एका आजीबाई चिडल्या, "आमच्या बाळाला काय झालंय? अपशकुनी कशाला बोलता?" शालनबाई हसून म्हणाल्या, "मला कळू तर द्या, मग लावते हात." एका घरात खरंच डॉक्टरांनी बाळाच्या मानेजवळची एक गाठ दाखवून जपायला सांगितलं होतं. ते घरच्यांनी सांगितलं नव्हतं, विचारल्यावर सांगितलं. शालनबाईंनी तिथं मानेला हात न लावता न्हाऊ घातलं.

प्राजक्ता रजा संपवून परत कामाला लागली. पहिल्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये चढताना तिचे डोळे भरून आले होते. शालनबाई तिला म्हणाल्या, "तू जा निवांत. हिचं पोट आता माझ्याकडं हाय." विमलबाई दर रविवारी चाकणहून येतात, येताना बाजारातून कांदे, बटाटे, कधी हुरडा आणतात, आणि जिजाला मांडीवर घेऊन तिच्या आईच्या लहानपणीच्या खोड्या तिला सांगतात. तिला अजून काही कळत नाही, पण ती मन लावून ऐकते.

मागच्या आठवड्यात डांगे चौकातल्या भाजी बाजारात मला सगळे भेटले. विलासरावांच्या दोन्ही हातांत पिशव्या. जिजा शालनबाईंच्या कडेवर, एका हातात अर्धा खाल्लेला पेरू, दुसऱ्या हातात आजीच्या केसांचा गुच्छ. सव्वा वर्षाची झालीय. मी विचारलं, "कशी आहे तब्येत?"

"हिची?" शालनबाई म्हणाल्या. "हिला काय धाड भरलीय! घरभर पळती. माझंच गुडघं बोलायलेत." तेवढ्यात जिजानं पेरू थेट भाजीवाल्याच्या टोमॅटोच्या ढिगात टाकला आणि टाळ्या वाजवल्या. भाजीवाला ओरडला. शालनबाईंनी पेरू उचलला, पदराला पुसला, त्याला म्हणाल्या, "भावा, लेकरू हाय, रागवू नगस, अर्धा किलो टोमॅटो दे," आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमची धाकटी बोलाया लागली का?"